तीन उत्तरं, एक शीट : बडोद्यातल्या बायोस्टॅट कोर्समधलं एक प्रकरण

बडोद्यातल्या एका आरोग्यविज्ञान संस्थेत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एका सत्राचा बायोस्टॅटचा, म्हणजे आरोग्यातल्या संख्याशास्त्राचा, कोर्स चालतो. वर्गात चाळिसेक जण असतात आणि त्यांतला एकही संख्याशास्त्राचा नसतो. कम्युनिटी मेडिसिन आणि बालरोगचे रेसिडेंट, फिजिओथेरपी आणि पोषणशास्त्राच्या मास्टर्सच्या मुली, नर्सिंगमध्ये पीएच.डी. करणाऱ्या ट्यूटर अशी सगळी सरमिसळ. व्याख्यानं, कॉम्प्युटर लॅबमधलं प्रॅक्टिकल आणि त्याखेरीज टीएंची (टीचिंग असिस्टंट, म्हणजे शिकवायला मदत करणारे) ठरलेली बसायची वेळ, असा आठवडा असतो. टीए दोन. त्यांचं वेळापत्रक आणि त्यांनी कुठवर मदत करायची हे बघणं माझ्याकडे आहे. ओळख पटू नये म्हणून इथले आकडे गोल केले आहेत, गावांची नावं गाळली आहेत आणि ज्यांची हकिगत आहे त्यांना लिखाण दाखवून होकार घेतला आहे.

पहिला टीए दांडिया बाजारातल्या मराठी घरातला, संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून पीएच.डी.ला लागलेला. विद्यार्थी त्याला दादा म्हणतात. दुसरी एमबीबीएसनंतर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स, केलेली. तिला सगळे डॉक्टरच म्हणतात. ही हकिगत ज्यांची, त्या विद्यार्थिनी नर्सिंगच्या पीएच.डी.च्या, आधी वॉर्डात आणि मग नर्सिंग कॉलेजात मिळून पंधरा-सोळा वर्षं काम केलेल्या. त्यांना मी इथे सिस्टर म्हणते, संस्थेतही त्यांना सगळे तेच म्हणतात.

वयाचा मुद्दा इथे आधीच सांगायला हवा, कारण पुढचं बरंचसं त्यातून घडलं. दादा पंचविशीचा. सिस्टर त्याला सर म्हणायच्या आणि तो त्यांना ताई. ज्यांच्या हाताखाली मुली सलाईन लावायला शिकतात, त्यांनी भर वर्गात हात वर करून ‘पेअर्ड म्हणजे काय हो’ असं विचारायचं, हे सोपं नाही. आरोग्य क्षेत्रातले संशोधक आपापल्या कामात मुरलेले असतात आणि या एका विषयात अचानक पहिलीच्या बाकावर येऊन बसतात. सिस्टरांनी वर्गात कधी तोंड उघडलं नाही. त्या रात्री, घरचं आवरून, व्हॉट्सॲपवर विचारायच्या. एका वेळी एक ओळ, आणि तीही घाईत.

त्यांचा अभ्यास पादरा तालुक्यातल्या गरोदर बायांच्या रक्तक्षयावरचा. विषय निवडला तो योग्यच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, पण मिळालेली गोळी पोटात जातेच असं नाही. मळमळ होते, शौचाला काळं होतं, सासू म्हणते मूल मोठं होऊन बाळंतपण अडेल. सिस्टरांनी बारा अंगणवाड्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकून सहा अंगणवाड्यांमध्ये नेहमीच्या गोळ्यांबरोबर पद्धतशीर समुपदेशन दिलं : गोळी कधी घ्यायची, चहाबरोबर का नाही, लिंबू कशाला, त्रास झाला तर काय करायचं. उरलेल्या सहा अंगणवाड्यांत नेहमीचंच चालू ठेवलं. प्रत्येक अंगणवाडीतून वीस जणी, एकूण २४०. सुरुवातीला हिमोग्लोबिन, तीन महिन्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन.

अभ्यास मेहनतीने केलेला होता. अडचण विश्लेषणाला बसल्यावर आली.

पहिला प्रश्न दादाकडे व्हॉट्सॲपवर गेला : “सर, एचबी आधी आणि नंतर, कोणती टेस्ट?” एचबी म्हणजे हिमोग्लोबिन. त्याने उत्तर दिलं : पेअर्ड टी. त्या प्रश्नाला ते उत्तर बरोबर आहे. एकाच बाईची दोन मोजमापं आहेत, तर त्यांची जोडी लावून फरक काढायचा.

पुढच्या प्रॅक्टिकलला सिस्टर डॉक्टरांच्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, समुपदेशनवाला गट आणि साधा गट यांची तुलना करायची आहे. डॉक्टरांनी सांगितलं, प्रत्येकीचा बदल काढा आणि दोन गटांतल्या बदलांची अनपेअर्ड टी-टेस्टने तुलना करा. त्या प्रश्नाला हेही बरोबर.

मग दादाच्या बसायच्या वेळेत बोलता बोलता अंगणवाड्यांचा उल्लेख निघाला. दादा सावध झाला. “चिठ्ठ्या बायांच्या नावाने टाकल्या की अंगणवाड्यांच्या?” अंगणवाड्यांच्या, असं कळल्यावर त्याने आधीचं मागे घेतलं आणि मिक्स्ड मॉडेल, म्हणजे बाई आणि तिची अंगणवाडी अशा दोन्ही पातळ्या एकत्र धरणारी पद्धत, लागेल म्हणून सांगितलं. तेही चूक नव्हतं.

सिस्टरांच्या हाती आता तीन उत्तरं होती, त्यांतली दोन एकाच माणसाची. त्यांनी तिन्ही करून पाहिली. मिक्स्ड मॉडेलसाठी भाच्याला बसवलं. तीन पी-व्हॅल्यू आल्या, दोन ०.०५ च्या आत आणि एक बाहेर. (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू; ती ०.०५ च्या आत आली की निकालाला सिग्निफिकंट म्हणतात.) गाइडकडे गेल्या तर गाइड म्हणाले, सिग्निफिकंट येते ती ठेवा, सेमिनार जवळ आलाय. प्री-सबमिशन सेमिनार खरंच तोंडावर होता.

तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. आवाज चढलेला नव्हता. एवढंच म्हणाल्या, “मॅडम, तुमचे दोघं एकमेकांशी बोलतात का?”

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातच निदान होतं. दोन्ही टीए हुशार, कामसू, विद्यार्थ्यांविषयी आस्था असलेले. त्यांच्यापर्यंत प्रश्न तुकड्या-तुकड्यांनी पोचत होता आणि जेवढा तुकडा हाती आला तेवढ्याचं उत्तर ते चटकन देत होते. टीएचं काम चांगलं चाललंय की नाही हे आम्ही उत्तर किती लवकर मिळालं यावरून ठरवत होतो, आणि विद्यार्थीही त्यावरूनच दाद देत होते. कोणती टेस्ट, या प्रश्नाला टीएने पहिल्या झटक्यात उत्तर देऊच नये, असं माझं आता ठाम मत आहे.

दुसरी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. पहिल्या प्रश्नासोबत सिस्टरांनी दादाला आख्खी एक्सेल शीट पाठवली होती. त्यात बायांची नावं, नवऱ्याचे मोबाइल नंबर, ममता कार्डाचे (गरोदरपणातल्या तपासण्या नोंदायच्या कार्डाचे) क्रमांक सगळं होतं. सिस्टरांच्या मनात काही वावगं नव्हतं; वॉर्डात केसपेपर हातोहात फिरतो तसं ते झालं. पण त्या बायांनी संमती दिली ती सिस्टरांना, दादाच्या फोनला नव्हे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक सूचना गोपनीयतेबद्दल स्पष्ट आहेत. दादाकडून ती फाइल फोनमधून आणि बॅकअपमधून काढायला लावली. सिस्टरांनी ओळख सांगणारे रकाने वेगळ्या फाइलीत नेले आणि प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक दिला. टेस्टचा विषय त्यानंतरच काढला.

पुढच्या बैठकीला दोन्ही टीए, सिस्टर आणि मी एका टेबलाशी बसलो. लॅपटॉप सिस्टरांसमोर. टीएंना मी एकच अट घातली होती : अर्धा तास टेस्टचं नाव काढायचं नाही. दादाने सुरुवात केली.

“ताई, या शीटमधली एक ओळ म्हणजे कोण?”

“कोण म्हणजे? पेशंट.”

“ओळी चारशे ऐंशी आहेत. पेशंट तेवढे आहेत का?”

“नाही हो सर, दोनशे चाळीसच. आधीचं वर, नंतरचं खाली लावलंय.”

“म्हणजे एक ओळ एक पेशंट नाही झाली.”

सिस्टर थांबल्या. मग स्वतःच म्हणाल्या, एक ओळ म्हणजे एकदा रक्त काढलं ते. हे त्यांनी स्वतः म्हटलं याला किंमत आहे. सॉफ्टवेअरला ४८० वेगवेगळ्या बाया दिसत होत्या. जॅमोव्ही असो, एसपीएसएस असो की आर, ओळीमागे माणूस कोण हे त्याला कळत नाही, ते आपण सांगायचं असतं. सिस्टरांनी शीट आडवी केली : एक बाई, एक ओळ, आधीचं आणि नंतरचं हिमोग्लोबिन शेजारी-शेजारी, आणि पलीकडे फरक.

शीट आडवी झाल्याबरोबर रिकामी घरं उघडी पडली. उभ्या शीटमध्ये ती दिसतच नव्हती, कारण ‘नंतर’चं मोजमाप नसलेल्या बायांची फक्त एक ओळ भरलेली होती आणि त्यांच्या दुसऱ्या, रिकाम्या ओळी तळाशी गेल्या होत्या. आता पन्नासएक जणींच्या ‘नंतर’च्या रकान्यात काहीच नाही असं दिसलं.

“या का नाहीत?” डॉक्टरांनी विचारलं.

“त्या गेल्या.”

“गेल्या म्हणजे? अभ्यास सोडला?”

“नाही नाही. सीमंत झालं ना. सातव्या महिन्यात सीमंत करतात, आणि पहिलटकरीण असली की त्यानंतर माहेरी जाते. बाळंतपण तिकडेच.”

दादा बडोद्यातच वाढलेला; सीमंताच्या पंक्तीत तो लहानपणी जेवलेला असणार. पण सीमंताचा त्याच्या विषयाशी संबंध असेल असं त्याला तोवर कधी वाटलं नव्हतं. त्याने वही पुढे ओढली. सिस्टरांनी बाया चौथ्या महिन्यात घेतल्या होत्या आणि तीन महिन्यांनी दुसरं मोजमाप ठेवलं होतं, म्हणजे ते नेमकं सीमंताच्या सुमारास आलं. मोजमापातून सुटलेल्या बाया कुणाही चार जणींसारख्या नव्हत्या. त्यांच्यात पहिलटकरणी जास्त. लागोपाठच्या बाळंतपणांनी अंगातलं लोह झिजलेल्या बाया मागे उरलेल्या. राहिलेल्यांवरून काढलेली सरासरी २४० जणींची सरासरी होत नाही, हे कुठल्याही पुस्तकातल्या ‘मिसिंग डेटा’च्या प्रकरणात असतं, पण इथे ते का घडलं आणि कुणाच्या बाबतीत घडलं हे सांगू शकणारी व्यक्ती टेबलाशी एकच होती. त्या क्षणापासून सिस्टरांचा सूर बदलला. त्या सर, सर म्हणत होत्याच, पण आता त्या दादाला समजावून सांगत होत्या.

त्यांनीच मग आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. चार नंबरच्या अंगणवाडीच्या रकान्यात हिमोग्लोबिन असं होतं : ९.०, ९.५, १०.०, ९.५, ९.०, १०.०. शेजारच्या अंगणवाडीत ९.७, १०.२, ८.९. “इथली एफएचडब्ल्यू, म्हणजे आरोग्यसेविका, साहलीच्या नळीने बघते,” सिस्टर म्हणाल्या, “रंग जुळवून. त्यात अर्ध्यावरच वाचतात सगळे. बाकीकडे डिजिटल मशीन आहे.” आधी आणि नंतर त्याच साधनाने मोजलं होतं हे नशीब. तरीही प्रत्येक ओळीला मोजायच्या साधनाचा एक रकाना जोडला.

या नळीवरून अंगणवाडीचा मुद्दा आपोआप निघाला आणि दादाला तो सूत्राशिवाय मांडता आला. एका अंगणवाडीतल्या वीस जणींचं रक्त एकच एफएचडब्ल्यू एकाच साधनाने बघते. समुपदेशन करणारी कार्यकर्ती एकच. ती मनापासून बोलत असेल तर वीसही जणींशी, आणि कंटाळलेली असेल तरीही वीसही जणींशी. उपकेंद्रातल्या गोळ्या संपल्या तर सगळ्याच जणी पंधरा दिवस कोरड्या. म्हणून त्या वीस जणी एकमेकींसारख्या असतात, आणि वीस जणींकडून मिळणारी माहिती वीस सुट्या बायांकडून मिळाली असती तेवढी नसते.

किती कमी, याचा हिशेब लहान आहे. गटाचा आकार म, आणि गटातल्या माणसांचं एकमेकांशी साम्य किती हे सांगणारा आकडा, ज्याला आयसीसी म्हणतात. डिझाइन इफेक्ट म्हणजे १ + (म − १) × आयसीसी. वीस जणींचा गट आणि आयसीसी ०.०५ धरला तर १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५. २४० ला १.९५ ने भागलं की १२३. आयसीसी ०.०२ धरला तर १७४ आणि ०.१ धरला तर ८३. सिस्टरांनी हे तीन आकडे स्वतः कॅल्क्युलेटरवर काढले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोन वर्षं त्या ऊन-पावसात पादऱ्याच्या गावांमधून फिरल्या होत्या. २४० चे १२३ होणं कुणालाही लागेल. दादा पुढचं घाईने सांगायला निघाला होता. डॉक्टरांनी त्याला हाताने थांबवलं. टीएला हे थांबणं यायला हवं, आणि कुठल्याही प्रशिक्षणात आम्ही ते शिकवत नाही.

इथे थोडं विषयांतर करते. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पुढे रोममध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम त्यांनी सांभाळलं. कुपोषण मोजण्याच्या वादात त्यांनी धरून ठेवलेला मुद्दा असा होता की एकाच माणसाचं खाणं आणि ऊर्जेची गरज दिवसागणिक, आठवड्यागणिक हलत असते, आणि हा एका माणसातला बदल माणसा-माणसांतल्या फरकापासून वेगळा काढल्याशिवाय उपाशी किती याचा आकडा सांगता येत नाही. त्यांच्या निष्कर्षांवर मोठे मतभेद झाले. पण बदल कुठल्या पातळीवरचा आहे, एका बाईतला, दोन बायांमधला की दोन अंगणवाड्यांमधला, हा त्यांचाच प्रश्न सिस्टरांच्या शीटमध्ये होता. आरोग्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव वर्गात कळलं पाहिजे असं मला फार वाटतं.

तीन उत्तरांपैकी कोणतं घ्यायचं, हे अखेर आमच्यापैकी कुणी ठरवलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, सीटीआरआयला काय नोंदवलं होतं? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ही देशातली नोंदवही २००७ पासून आहे, आणि सिस्टरांनी पहिली बाई घेण्याआधीच त्यात नोंदणी केली होती. त्यांनी पान उघडलं. मुख्य निष्पत्ती म्हणून लिहिलं होतं : तीन महिन्यांनंतर हिमोग्लोबिनमधील बदलाची दोन गटांत तुलना. अर्थात नुसतं आधी-नंतर बघणं बाद झालं. आणि ते बाद व्हायलाच हवं होतं. गरोदरपणात रक्तातल्या द्रवाचं प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, लाल पेशी तेवढ्या वाढत नाहीत, त्यामुळे हिमोग्लोबिन मधल्या महिन्यांत निसर्गतःच खाली येतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या सूचनांमध्ये दुसऱ्या तिमाहीसाठी रक्तक्षयाची रेघ ११ वरून १०.५ ग्रॅमवर आणली. त्यात दोन्ही गटांना गोळ्या मिळत होत्याच. एकाच गटाचं आधी-नंतर बघून समुपदेशनाचं श्रेय किंवा अपश्रेय कळणार नव्हतं.

अंगणवाड्यांचं काय करायचं यावर मात्र दादा आणि डॉक्टर यांचं जुंपलं, आणि मी ते जुंपू दिलं.

दादाचं म्हणणं, मिक्स्ड मॉडेलच करावं : बाईची पातळी, अंगणवाडीची पातळी, सुरुवातीचं हिमोग्लोबिन, साधन, कितवं बाळंतपण, सगळं एका मॉडेलमध्ये घेता येतं. डॉक्टर म्हणाल्या, व्हायव्हामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, ताईंना विचारलं की या मॉडेलमधला रँडम इंटरसेप्ट म्हणजे काय, तर? जे ताईंना स्वतःच्या तोंडाने सांगता येणार नाही ते त्यांच्या प्रबंधात घालणं म्हणजे प्रबंध आपण लिहिणं. शिवाय गट बाराच. इतक्या कमी गटांवर मिक्स्ड मॉडेल दुरुस्तीशिवाय चालवलं तर अनिश्चितता कमी दिसते. दादाने ते मान्य केलं, कमी गटांसाठीची केनवर्ड-रॉजर दुरुस्ती लावता येईल म्हणाला, आणि मग स्वतःच हसून म्हणाला की हेही ताईंनाच सांगावं लागेल.

ठरलं ते असं. प्रत्येक अंगणवाडीचा सरासरी बदल काढायचा. बारा अंगणवाड्या, बारा आकडे. सहा विरुद्ध सहा अशी साधी अनपेअर्ड टी-टेस्ट. स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम : बारा आकडे वजा दोन गट) १०, त्यामुळे टीच्या किमतीने ओलांडायची पाच टक्क्यांची रेघ २.२३ वर, बाया सुट्या धरल्या असत्या तर २३८ स्वातंत्र्यांशांवर ती १.९७ ला असती. हा सगळा हिशेब एका कागदावर मावतो. चिठ्ठ्या बारा टाकल्या होत्या, आकडे बारा आहेत, एवढं सांगितलं की परीक्षक आणि सिस्टर दोघंही एकाच जागी उभे राहतात. मिक्स्ड मॉडेल पूरक तपासणी म्हणून परिशिष्टात, आणि ते कुणाच्या मदतीने केलं हे तिथेच लिहून. मला हा निर्णय आजही योग्य वाटतो. काही सहकाऱ्यांना तो पटलेला नाही. त्यांच्या मते चांगली पद्धत उपलब्ध असताना साधी घेणं हा विद्यार्थ्याला कमी लेखण्याचा प्रकार आहे. मला वाटतं, गट जवळपास सारख्या आकाराचे असताना साध्या पद्धतीत फारसं हातचं जात नाही, आणि प्रबंध विद्यार्थ्याच्या मालकीचा राहतो.

माहेरी गेलेल्या बायांसाठी सिस्टरांनीच वाट काढली. आशाताईंकडून त्या कुठे गेल्या ते कळवून घेतलं आणि तिथल्या ममता दिवसाला कार्डावर नोंदलेलं हिमोग्लोबिन जिथे मिळेल तिथे मिळवलं. साधन वेगळं, दिवस मागेपुढे, म्हणून ते आकडे मुख्य विश्लेषणात मिसळले नाहीत. वेगळ्या रकान्यात ठेवले आणि ते धरून निष्कर्ष हलतो का हे पाहिलं. राहिलेल्या आणि गेलेल्या बायांची सुरुवातीची स्थिती दोन्ही गटांत शेजारी-शेजारी मांडली.

गाइडना भेटायला सिस्टरांसोबत मी गेले. टीएंना नेलं नाही. पंचविशीच्या मुलाने प्राध्यापकाला पी-व्हॅल्यूबद्दल सांगावं ही वेळ त्याच्यावर आणायची नव्हती. गाइड रागावले नाहीत. त्यांना आपलं म्हणणं गैर आहे असं वाटलंच नव्हतं. त्यांच्या पिढीला तसंच शिकवलं गेलं. मी त्यांना एक हिशेब दाखवला. समुपदेशनाचा काडीचाही उपयोग नाही असं धरू. एकच टेस्ट केली तर ती चुकून सिग्निफिकंट येण्याची शक्यता पाच टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या तीन टेस्ट करून सगळ्यांत छोटी पी-व्हॅल्यू उचलली तर १ वजा ०.९५ चा घन, म्हणजे १४ टक्क्यांहून थोडं जास्त. इथल्या टेस्ट एकाच डेटावरच्या, म्हणून शक्यता त्याहून कमी; पण पाच टक्के नक्कीच नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूवर जे निवेदन काढलं त्यातलं एक कलम त्यांना विशेष पटलं : पी-व्हॅल्यूवरून परिणाम केवढा आहे हे कळत नाही. ते स्वतः रुग्ण बघणारे. अर्धा ग्रॅम हिमोग्लोबिन वाढलं की पाव, हा प्रश्न त्यांना लगेच आपला वाटला.

शेवटी प्रबंधात गेला तो कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक कुठून कुठवर असू शकतो तो पल्ला, आणि तो रुंद होता. त्यात शून्यही बसत होतं आणि अर्ध्या ग्रॅमहून जास्त फायदाही. सिस्टरांनी तो तसाच लिहिला आणि रुंद का आहे हेही लिहिलं. मूळ आराखड्यात अर्ध्या ग्रॅमचा फरक पकडायला, प्रमाण विचलन १.२ धरून, ८० टक्के पॉवरसाठी (तेवढा फरक खरंच असला तर तो सापडण्याच्या शक्यतेसाठी) प्रत्येक गटात ९१ जणी निघत होत्या, आणि गळती धरून त्यांनी १२० घेतल्या होत्या. अंगणवाडीचा परिणाम त्या सूत्रात नव्हता. ९१ ला १.९५ ने गुणलं की १७८ होतात. म्हणजे गळती न धरताही प्रत्येक बाजूला सहाऐवजी नऊ अंगणवाड्या. हा हिशेब दोन वर्षं आधी, प्रोटोकॉलच्या वेळी, दहा मिनिटांत झाला असता. त्या वेळी सिस्टर आमच्या कोर्समध्ये नव्हत्याच. कोर्स त्यांच्या वेळापत्रकात आला तो डेटा गोळा झाल्यावर. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलतं ते हे.

कोर्समध्ये त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. प्रबंधाचा प्रश्न घेऊन येणाऱ्याने आधी अर्ध्या पानाची चिठ्ठी भरायची : एक ओळ म्हणजे कोण, चिठ्ठ्या कशाच्या टाकल्या किंवा निवड कशी झाली, आणि प्रोटोकॉलमध्ये मुख्य प्रश्न काय लिहिला आहे. मराठी, गुजराती, हिंदी, कशातही लिहिलं तरी चालतं. नावं आणि नंबर असलेली शीट टीए उघडत नाहीत. व्हॉट्सॲपवर टेस्टचं नाव सांगायचं नाही, बसायची वेळ द्यायची. दोन्ही टीए एक सामाईक नोंदवही ठेवतात आणि प्रबंधाचे प्रश्न आठवड्यातून एकदा दोघं मिळून घेतात. गृहपाठाला ही बंधनं नाहीत. तिथे पटकन उत्तर देणंच बरं. वयाने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी सायंकाळची एक वेळ वेगळी ठेवली आहे, दार लावून, एकेकट्याने यायचं. ती वेळ भरलेली असते. प्रॅक्टिकलमध्ये आम्ही आता ४८० ओळींची एक बनावट शीट देतो आणि पहिल्या तासाला कुठलीही टेस्ट न करता फक्त ओळी वाचायला लावतो. रेसिडेंट सुरुवातीला कुरकुरतात.

टीएंच्या मानधनाचं अजून काही झालेलं नाही. ताशी हिशेब लॅबचा होतो. चिठ्ठ्या वाचण्याचा, नोंदवही लिहिण्याचा आणि कुणाच्या शीटशी दीड तास बसण्याचा होत नाही. दादाचं पीएच.डी.चं काम या वर्षी त्यामुळे मागे पडलं आणि पुढच्या वर्षी तो टीए नसेल. नवा येईल तो पुन्हा पेअर्ड टी म्हणून मोकळा होऊ शकतो. नोंदवही वाचून येईल एवढीच आशा. सिस्टरांनी आभाराच्या पानावर दोघांची नावं घातली. शोधनिबंधात सहलेखक म्हणून घ्यायचं का, हेही त्यांनी विचारलं होतं. दोघांनी नको म्हटलं; निबंधाच्या लेखनात आणि त्याच्या जबाबदारीत त्यांचा वाटा नव्हता.

नीतिसमितीला मी एक विनंती केली आहे : अंगणवाडी, वॉर्ड, शाळा अशा गटांवरचा प्रोटोकॉल आला तर तो समितीपुढे जाण्याआधी नमुना-संख्येच्या तपासणीसाठी आमच्याकडे पाठवावा. समितीच्या पुढच्या बैठकीत तो विषय आहे, आणि त्या बैठकीला सिस्टर माझ्यासोबत येणार आहेत. आपली शीट त्या स्वतः दाखवणार आहेत.